विहिरीत गेलेली बाज

नातीच्या वहीत ‘माझा छंद’ नावाचा निबंध होता. तिनं मला विचारलं, आजी, तुझा छंद काय होता? मी म्हटलं, आमच्या वेळी छंद नव्हते, रिकामे उद्योग होते, आणि ते मुलीनं केले तर आई हातात केरसुणी द्यायची. नातीनं ते लिहून घेतलं नाही. म्हणून मीच लिहिते.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडं होती. मुलीला एकटीला कोण पाठवणार? मीही रडले नाही. पण शाळा सुटली आणि हातांना चैन पडेना. चूल, भांडी, शेण ही कामं होतीच. पण ती रोज करायची आणि रोज संपायची. मला अशी वस्तू करायची असायची, की जी दुसऱ्या दिवशी उठल्यावर जागेवर दिसेल.

उन्हाळ्यात हे वेड जास्त. शिंदीच्या पानांचे पंखे केले. त्यांना वारा कमी आणि आवाज जास्त. पत्र्याच्या डब्याची रॉकेलची चिमणी केली. तिनं माझी डावी भुवई खाल्ली. एका उन्हाळ्यात आरशासाठी भिंतीत कोनाडा कोरायला घेतला. भिंत मातीची, खुरपं धारेचं. तीन दुपारी कोरत राहिले. चौथ्या दुपारी कोनाड्यातून म्हशीनं तोंड घातलं. भिंतीपलीकडं आमचा गोठा होता, हे मला माहीत होतं. भिंत किती जाड आहे, ते माहीत नव्हतं. आईनं म्हशीला काही म्हटलं नाही, मला म्हटलं. मग एक दगड त्या भोकात बसवला आणि वरून लिंपून टाकलं. कोनाडा राहिला, खोली तेवढी कमी झाली.

हे सांगायचं कारण, ते भोक पुढं उपयोगी पडलं.

मी सांगते आहे तो त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचा दुसरा. आमचं गाव काष्टीच्या बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन; माझी जन्मतारीख शाळेत अंदाजानं घातलेली आहे. बैल आणि म्हैस छावणीत होती. आई आणि दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे ते दिवस मावळताना परत. घरात मी एकटी. थोरली बहीण, माझी अक्का, राहात्याकडं दिलेली होती. तिकडं पाटाखालची जमीन, ऊस, विहिरींना त्या सालीसुद्धा थोडंफार पाणी.

आमच्या विहिरीचं पाणी मात्र खाली खाली चाललं होतं. पाणी खाली गेलं की पोहऱ्याची दोरी तोकडी पडते. दादांनी आधी बैलांचे कासरे जोडले. बैल नव्हते, कासरे मोकळेच होते. तेही पुरेनात. मग घरात एकच बाज होती, तिची दोरी सोडली, तीन पदरी वळली आणि पोहऱ्याला जोडली. पोहरा तळाला टेकला. बाजेचे चार खूर आणि चार दांडे तेवढे गोठ्यात उभे राहिले.

अक्काला दिवस गेलेले होते. पहिली खेप, म्हणजे माहेरी यायचं. सातव्यातच आणायचं ते दुष्काळामुळं लांबलं. आठवा सरत आला तेव्हा दादा एक दिवसाची मजुरी बुडवून, दोनदा एसटी बदलून तिला आणायला गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले.

"पोरगी कुठंय?" आईनं विचारलं.

"न्हाई धाडली."

"का?"

दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ईनबाई म्हनल्या, बाळंतिनीला निजवाल कुठं? बाज हुती ती म्हनं विहिरीत सोडली. आता पोरगीबी सोडता का?"

आमच्या गावची एक बाई अक्काच्या सासरच्या गावात दिलेली होती. बातमीला एसटी लागत नाही.

"मंग तुमी काय म्हनलात?"

"काय म्हननार? खरंच हुतं. बाज झाली की कळवा, म्हनल्या. न्हाईतर हितंच हुईल."

आई चुलीकडं तोंड करून बसली. बाळंतिणीला आमच्याकडं जमिनीवर निजवत नाहीत. बाजेवर निजवायचं आणि खाली घमेल्यात निखारे ठेवायचे, त्यावर ओवा टाकायचा. पाठीला शेक लागला पाहिजे. आता दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात, वैशाखात कसला शेक देता? बरोबर असेल त्यांचं. पण तेव्हा शेक नाही म्हणजे बाळंतपण नाही, असंच होतं. बाज मागून आणावी तर बाळंतिणीची बाज सव्वा महिना अडकते, आणि उन्हाळ्यात ज्याच्या घरी बाज तो तिच्यावर अंगणात झोपलेला. गावात आमच्यासारख्याच आणखी चारदोन बाजा विहिरीत गेल्या होत्या.

संक्रांतीला अक्का आली होती तेव्हा माझी वेणी घालताना म्हणाली होती, "पयल्या खेपंला मला हितं आन. काय बी कर, पन आन." का ते तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. अक्का कधी काही मागायची नाही, एवढं मला माहीत होतं.

मी म्हटलं, "मी विनते बाज."

दादा म्हणाले, "कशानं? केसांनी?"

गावाच्या कडेला दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. वस्तीला लागून मिशनची शाळा. मी चार इयत्ता तिथंच काढल्या. शाळेचे मास्तर त्याच वस्तीतले. त्यांच्या आजानं धर्म बदलला, बापापर्यंत दोर वळले, आणि हे मास्तर झाले. सुट्टी होती तरी शाळेत मुलांसाठी भरडा शिजायचा, म्हणून मास्तर रोज तिथंच असत. धान्याची रिकामी पोती व्हरांड्यात रचलेली मी पाहिली होती.

मी जाऊन म्हटलं, "मास्तर, मला पोती द्या."

"कशाला?"

"बाज विणायची."

"पोत्याची?" त्यांनी चष्मा काढला. "पोत्याची सुतळी एकटी दम धरत नाही, बाई. उसवून घ्यावी लागेल. चार पदर एका अंगाला पिळायचे, चार दुसरे तसेच, आणि मग दोन्ही एकमेकांत उलट्या पिळानं. जमेल?"

"दाखवा."

"फुकट नाही. रोज सकाळी येऊन धान्य निवडायचं. खडे फार आहेत आणि माझी नजर गेलेली आहे."

अशी आमची बोलणी झाली. मी धान्य निवडायचे, ते मला पीळ दाखवायचे. लाकडाला खिळा मारून त्यांनी एक फिरकी करून दिली. सुतळी कोरडी वळली तर तुटते, तिला ओल पाहिजे. ओलीला पाणी कुठून आणणार? मास्तर म्हणाले, "धान्य धुतलेलं पाणी फेकतेस ना, ते फेकू नकोस." मग त्या गढूळ पाण्यात मी सुतळी भिजवायचे. दोरीला भरड्याचा वास येऊ लागला. पहिल्या दिवशी केलेला वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा, दोर मास्तरांनी हातात घेतला, ओढला आणि तुकडे माझ्या हातात दिले.

"पुन्हा."

असं चार दिवस तुटलं. पाचव्या दिवशी त्यांनी ओढला आणि तुटला नाही. ते म्हणाले, "हूं." शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हाही एवढंच म्हणाले होते.

आईला कळल्यावर ती तडकली. "बाळंतिनीची बाज, आन दोर त्या वस्तीतला? पाचवीच्या दिवशी सटवाईला काय सांगू?"

दादा जेवत होते. म्हणाले, "विहिरीचा दोर कुनी वळलाय? पानी पितीस ना? आन त्यो दोर तिनं स्वतःच्या हातानं वळलाय. गप भाकरी वाढ."

आईनं भाकरी वाढली. पुन्हा तो विषय काढला नाही, पण माझ्या तळहातांना त्या दिवसापासून ती तेल लावू लागली. तेलाचं बुधलं तळाला गेलेलं होतं, तरी.

गोठा रिकामा आणि सावलीचा, म्हणून बाज तिथंच आडवी केली. मास्तरांनी गोठ्याच्या तोंडाशी उभं राहून कोपऱ्यातली पहिली गाठ मारायला शिकवली. दोन दोऱ्या वर, दोन खाली, तिरकं जायचं. पायथ्याला हातभर जागा मोकळी, तिथं ताणाची दोरी. बाज सैल पडली की ती आवळायची. आणि निघताना म्हणाले, "मध्ये दोन बोटं सोडत जा. दाट विणू नकोस."

का सोडायची, ते बोलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, बाईची जात आहे, ठाऊक असेल. मला वाटलं, दोरी वाचवायला सांगतात.

मी आठ दिवस विणलं. दोन बोटं सोडून पहिली वीण झाली तेव्हा मला ती बाज गरीब दिसू लागली. आरपार जमीन दिसत होती. मला अक्काच्या सासूचं तोंड दिसलं. ती म्हणणार, दोरी पुरली नाही वाटतं? मी आणखी पोती मागून आणली, आणखी दोर वळला आणि दोन बोटांच्या जागेत तो भरत गेले. मधोमध चौफुली काढली, रांगोळीत काढतात तशी. पाणी ओतलं तरी खाली पडायचं नाही, इतकी दाट. आईनं कामावरून आल्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाई गं, ही तर पाटलाच्या घरात शोभंल." दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईला दुसरं काही सुचलं नाही, यात नवल नाही.

मग मी पोस्टकार्ड लिहिलं. ते माझं पहिलं पत्र. मजकूर एवढाच होता: बाज झाली. अक्काला धाडा.

अक्काला पोहोचवायला तिची सासू जातीनं आली. मोठ्या हाडाची बाई, मोठं कुंकू. पाणी प्यायच्या आधी बाजेवर बसली. एकदा नव्हे, तीनदा उठून बसून पाहिलं. बाज कुरकुरली नाही.

"कुनी विनली?"

"धाकटीनं," आई म्हणाली.

"बापयाची कामं करती व्हय? अशी पोरगी देनार कुठं?"

"ज्यांच्या घरात बाज न्हाई त्यांच्यात देऊ, ईनबाई."

दादा खोकल्यासारखं करून बाहेर गेले. विहीणबाई हसल्या, खोटं कशाला सांगू. जाताना अक्काला म्हणाल्या, "ऱ्हा. पन बारशाला येनार मी, बघनार." आणि गेल्या. मला वाटलं, जिंकलं.

चार दिवसांनी सुईण आली. गावात सगळ्यांना तिनंच हातावर घेतलेलं, मलासुद्धा. दिवस भरत आले की जागा बघून जायची तिची पद्धत होती. तिनं अक्काचं पोट चाचपलं, म्हणाली, "आजउद्यात." मग बाज पाहिली. घमेल्यात निखारे आणायला लावले, बाजेखाली सरकवले, आणि वर तळहात टेकवून बसली. मी मनात शंभरपर्यंत मोजलं.

"हात ठीव," ती मला म्हणाली.

ठेवला. गार.

"ह्या बाजंखाली होळी पेटीवली तरी वर कळायचं न्हाई. ही बाज हाय का पाट? कुनी शिकीवली गं अशी वीण?"

"मास्तरांनी. पन ते म्हनले हुते दोन बोटं सोड."

"मंग?"

मी चौफुलीवरचा हात काढून घेतला.

"मंग शानपना केलास. बोटांतनं शेक येतो, भवाने. हिच्यावर मी बाळंतीन निजवायची न्हाई. आन निजवली आन तिला वारं शिरलं, तर तिची सासू माझ्या नावानं खडे फोडंल."

सुईण गेली. आई-दादा कामावर होते. गोठ्यात मी आणि अक्का दोघीच. माझे पंधरा दिवसांचे हात त्या चौफुलीत होते. मला वाटलं, अक्का म्हणेल, राहू दे, चालेल. अक्का भुईवर बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "सोड गाठ. मी गुंडाळती."

मी कोपऱ्यातली गाठ सोडली. दोर निघत गेला तसा ती पोटावर टेकवून त्याचा गुंडा करत गेली.

"लई घट्ट वळलीस गं. कुनाचा राग काढलास?"

"तुझ्या सासूचा."

ती इतकी हसली की पोट धरलं. "हसवू नगं. हितंच हुईल."

दोर निघत होता. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तिकडं पानी हाय, ऊस हाय. हितं यायचं का म्हनत हुतीस? हितं तर प्यायला मोजून."

अक्का गुंड्याकडं बघत म्हणाली, "तिकडं पानी लई. पन ते आनायचं आमीच. थोरल्या जावंला पाचव्या दिशी घागर दिली हातात. मी बघितलीय. तिचं बाळ न्हाई ऱ्हायलं. तिला अजून सरळ उभं ऱ्हाता येत न्हाई." मग दोर हिसका देऊन ओढला. "मला सव्वा महिना निजायचंय. बास. दुसरं काय नगं."

तेवढंच. मग आम्ही दोघींनी चौफुली उसवली आणि मला तिचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्यानं विणायला घेतलं. दोर तयार होता, हात बसलेला होता, म्हणून दुपारपर्यंत अर्धी झाली. उन्हाचा तडाखा म्हणून मी कोनाड्यातला तो जुना दगड काढून ठेवला होता. घरात आडव्या पडलेल्या अक्काला वारा लागावा आणि मला तिच्याशी बोलता यावं. तिनं मला भोकातून हाक मारली. हाक वेगळी होती. मी पळत शेजारणीकडं गेले, शेजारीण पळत सुईणीकडं गेली, आणि कामावर आईला निरोप गेला. सुईण आली. मी दारात उभी राहिले तर मला ढकललं.

"तुझं काय काम हितं? तुझं काम गोठ्यात. बाळ भुईवर येतंय, पन आईला त्यानंतर बाजंवर घ्यायचंय. जा."

मी गेले आणि विणू लागले. दोन वर, दोन खाली. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. मी बाळंतपण त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दोन बोटांची जागा कधी तीन, कधी एक होत होती. थोड्या वेळानं भोकातून सुईणीचा आवाज आला.

"झाली का गं बाज?"

"अर्ध्याच्या पुढं गेली. तुमचं?"

"आमचंबी तसंच."

मग आई आली, खडीची धूळ तशीच अंगावर. तिनं मला नुसतं पाहिलं आणि आत गेली. ऊन गोठ्याच्या दारातून आत सरकलं. अक्का ओरडायची आणि मध्येच एकदम शांत व्हायची. एका शांततेत तिचाच आवाज आला, दम लागलेला: "दोन बोटं सोड गं, शाने!" आत सुईण आणि आई दोघी हसल्या. मीही हसले आणि रडले, पण विणायचं थांबले नाही.

वीण संपली. आता पायथ्याची ताणाची दोरी. ती दात-ओठ खाऊन ओढावी लागते. मी ओढली, तर तळहाताची सालं दोरीला चिकटून आली. पकडच बसेना. नेमकं तेव्हा भोकातून रडणं आलं. बाळाचं. मागोमाग सुईण: "पोरगी झाली! आन आता बाज!"

मी गोठ्याच्या तोंडाशी पाहिलं तर मास्तर उभे. सकाळी मी धान्य निवडायला गेले नव्हते, म्हणून बघायला आले होते. त्यांनी माझे हात पाहिले, बाज पाहिली. पायातली वहाण काढली, पाय दांड्याला लावला आणि ताणाची दोरी ओढायला घेतली. एकेक फेरा ओढून मला म्हणायचे, "धर." मी मनगटानं दाबून धरायचे. सगळे फेरे झाले तेव्हा त्यांनी बाजेवर थाप मारली. तिनं चांगला भरीव आवाज दिला.

आई बाज न्यायला गोठ्यात आली आणि थबकली. मास्तर घामानं भिजलेले, अनवाणी, बाजेच्या पायथ्याशी. मला वाटलं आता आई काय म्हणते. ती परत घरात गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. तोवर आमच्याकडं त्या वस्तीतल्या कोणालाही पाणी वरून ओंजळीत ओतायची रीत होती. मास्तर असले तरी. मास्तरांनी सवयीनं ओंजळ पुढं केली. आईनं तांब्या त्यांच्या हातात दिला.

"बसून प्या, मास्तर," ती म्हणाली. "घाई न्हाई."

घाई होती. पण ते बसून प्याले. त्या उन्हाळ्यात भरलेला तांब्या ही काही लहान गोष्ट नव्हती. आई काही मोठी सुधारक नव्हती. पुढं तिनं कोणाच्या जेवणाच्या पंगतीत कोणाला बसवलं, असंही नाही. पण त्यांच्यासाठी तो तांब्या राहिला.

बाज आडवी करून आम्ही दोघींनी दारातून आत नेली. अक्काला वर घेतलं. निखारे ठेवले, ओवा टाकला. सुईणीनं विणीवर तळहात ठेवला. लगेच उचलला.

"आता कसं!" म्हणाली. आणि मला, "वीण वाकडी हाय बरं का. तिकडं तीन बोटं झाली."

दाट वीण उसवल्यामुळं दोर बराच उरला होता. त्याची बाळाला झोळी बांधली. चौफुली वाया गेली, असं म्हणायला जागा राहिली नाही.

बाराव्या दिवशी विहीणबाई बारशाला आल्या. पोरगी झाली म्हणून तोंड जरा लहान होतं, पण साखर आणली होती, कुंची आणली होती. बाजेपाशी आल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही काय? आदी चांगली दाट हुती की. आता चाळन केली व्हय?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का बोलली. सासूसमोर ती आजवर मान वर करून बोललेली नव्हती. निजल्याजागीच बोलली.

"दाट बसायला बरी आत्याबाई, निजायला न्हाई. हितनं ऊब येती. हात लावून बघा." आणि सासूनं हात लावल्यावर म्हणाली, "सव्वा महिना झाला की येते मी. त्याआधी न्हाई."

विहीणबाईंचा हात बाजेवर तसाच होता. खालची ऊब लागत असावी. "ऱ्हा की," त्या म्हणाल्या. "कोन न्हाई म्हनतंय?"

अक्का सव्वा महिना निजली. त्यातला एकही दिवस तिनं घागर उचलली नाही. पाणी मी आणलं, त्याच विहिरीतून, त्याच लांबलचक दोरीनं. जाताना तिची पाठ सरळ होती. ती आज सत्तरीच्या पुढं गेली आहे आणि माझ्यापेक्षा ताठ चालते. तिची ती मुलगी आता स्वतः आजी व्हायच्या बेतात आहे.

पुढल्या साली विहीर भरली. दोरी जास्त झाली तेव्हा दादांनी बाजेचा तो जुना दोर सोडवून माझ्यापुढं टाकला. म्हणाले, "घे, तुझी बाज विहिरीतनं वर आली." त्याला शेवाळाचा वास येत होता. तो आम्ही वासराला वापरला. पोत्याच्या दोराची बाज तशीच राहिली आणि गावात फिरू लागली. कोणाच्या घरी दिवस भरले की माणूस यायचं, बाज डोक्यावर घेऊन जायचं, सव्वा महिन्यानं आणून टाकायचं. दोर झिजला की मी नवा घालायचे. वस्तीतही दोनदा गेली, आईनंच दिली.

मला लिहिता-वाचता आलं ते मास्तरांमुळं, आणि दोर वळता आला तोही त्यांच्यामुळं. कोणतं जास्त उपयोगी पडलं, असं विचारलं तर मी दोर म्हणेन. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी ते "हूं" म्हणाले असते. सुईणीनं शिवी दिली नसती तर माझी अक्का गार बाजेवर निजली असती. आणि विहीणबाईंचेही उपकार मानायला पाहिजेत. त्यांनी टोमणा मारला नसता तर मी त्या उन्हाळ्यात आणखी चार पंखे केले असते, बाकी काही नाही.

माझ्या पहिल्या खेपेला मीही माहेरीच आले. त्याच बाजेवर मला घेतलं. खाली निखारे होते, अंग ठणकत होतं, बाळ पोटाशी होतं. सगळे आपापल्या कामाला गेले तेव्हा मी हात खाली सोडला आणि विणीत बोटं घालून पाहिली.

दोन बसली.